बिनतारी संवेदक आणि मराठवाड्याची काळी जमीन: काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

अर्धापूर-मुदखेडच्या केळी-हळदीच्या मळ्यांत आणि औसा-निलंग्याच्या सोयाबीन-तुरीच्या शिवारांत हल्ली जमिनीतील ओल सांगणाऱ्या बिनतारी संवेदकांची चर्चा सुरू झालेली आहे, आणि तिच्याबरोबरच दोन टोकांचे समजही रूढ होत आहेत. हे बड्या बागाईतदारांचे काम, असे काहींचे म्हणणे. तर एकदा यंत्र रोवले की शेतीतील अनिश्चितता संपली, ही इतरांची खात्री. दोन्ही समज लहान शेतकऱ्याला बाधक आहेत, परंतु दुसरा अधिक, कारण त्यात त्याच्या गाठीचा पैसा जातो.

बड्यांचे काम या समजाला कारण आहे. मुंबईच्या आय.आय.टी.ने या शतकाच्या पहिल्या दशकात ‘ॲग्रीसेन्स’ नावाचा जो प्रयोग केला, तो नाशिकच्या सुला कंपनीच्या द्राक्षमळ्यात; साहजिकच संवेदक आणि द्राक्षे यांची सांगड लोकांच्या मनात पक्की बसली. परंतु त्याच दशकात बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि स्वित्झर्लंडमधील लोझानचे तंत्रविद्यापीठ यांनी तुमकूर जिल्ह्याच्या पावगड तालुक्यातील चेन्नकेशवपूर या कोरडवाहू गावी, लहान शेतकऱ्यांच्याच गरजा समोर ठेवून, संवेदकांचे जाळे उभारले होते. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहिती धारणा 1.34 हेक्टर आहे; एवढ्या क्षेत्रासाठी प्रत्येकाने स्वतंत्र संच घेणे परवडण्यासारखे नाही, हे खरे. पण एकाच प्रतीची जमीन, एकच पीक आणि लागवडीचा एकच हंगाम असलेल्या शेजारच्या पाच-सात खातेदारांनी मिळून एक संच घेतला, तर त्याचा आकडा सर्वांना बऱ्याच अंशी लागू पडतो.

‘आमच्याकडे रेंज नाही, विजेचा भरवसा नाही’ ही दुसरी हरकत थोडक्यात निकालात काढता येते. शेतातील संवेदकाचा इंटरनेटशी थेट संबंध नसतो. तो बहुतेक वेळ निद्रिस्त असतो. ठरलेल्या वेळी जागा होऊन मोजमाप घेतो आणि 865 ते 868 मेगाहर्ट्झ या, वापरणाऱ्याला स्वतंत्र परवाना न लागणाऱ्या पट्ट्यात, क्षणभराचा क्षीण संदेश, असे संदेश गोळा करून इंटरनेटवर पोचविणाऱ्या मुख्य केंद्राकडे पाठवितो. एवढ्याला लहानशी बॅटरी व हातभर सौर पट्टी पुरते. मोबाईलचे जाळे लागते ते केवळ मुख्य केंद्रापाशी. त्या क्षीण लहरींनी पिकाला अपाय होतो ही भीतीही निराधार आहे. उलट पीकच लहरींना अडविते: जूनमध्ये केळीची रोपे गुडघ्याएवढी असताना उत्तम चालणारा संच पुढे रुंद, ओल्या पानांच्या गर्दीत मुका होतो, म्हणून त्याचा अँटेना आरंभापासूनच बांबूवर, पानांच्या वर राहील असा बांधावा लागतो.

आता ज्या गैरसमजाने मराठवाड्यात सर्वाधिक फसगत होते त्याकडे वळतो, तो म्हणजे पडद्यावर दिसणारा आकडा अचूकच असतो हा. स्वस्त संवेदक पाणी प्रत्यक्ष मोजीत नाही. मातीच्या विद्युत्-गुणधर्मांवरून तो पाण्याचे अनुमान करतो, आणि चिकण मातीचे व क्षारांचे प्रमाण वाढले की ते अनुमान ढळते. ढोबळमानाने सांगायचे तर, हलक्या मुरमाड जमिनीत 20 टक्के ओल म्हणजे भरपूर पाणी, पण आपल्या भारी काळ्या जमिनीत त्याच 20 टक्क्यांवर पीक माना टाकू लागते. म्हणून परमुलखातील मातीवर ठरविलेली ‘पाणी द्या’ची सूचना येथे जशीच्या तशी मानणे धोक्याचे आहे. त्यातही काळी माती ओलीने फुगते आणि सुकली की आकसून भेगाळते. नेमकी एखादी भेग संवेदकाच्या दांड्याला लागून पडली, की दांडा मातीऐवजी हवेला टेकतो आणि आकडा एकाएकी कोसळतो. शेतकरी पाणी सोडतो, ते पाणी त्याच भेगेतून खाली उतरते, आणि मग आकडा तितक्याच खोटेपणाने वर चढतो. यावर उपाय साधा पण चिकाटीचा आहे. गिरमिटाने भोक पाडून निघालेल्या मातीचीच राबडी करावी, ती भोकात ओतून दांडा दाबून बसवावा, एक संवेदक वीतभर व दुसरा दीड-दोन वीत खोल ठेवावा, आणि पहिले काही आठवडे वाफसा हाताने पाहून, मूठभर मातीचा गोळा वळून, त्या दिवशीचा आकडा वहीत टिपावा. आपल्या रानाचा वाफसा कोणत्या आकड्यावर येतो, हे त्या वहीतूनच कळते.

संवेदकाने उत्पन्न वाढतेच, हा आणखी एक समज. ज्याच्या हाती देण्यासाठी पाणीच नाही, त्या कोरडवाहू सोयाबीनवाल्याला जमीन सुकत आहे हे यंत्राने सांगून काय उपयोग? 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ठरलेला 2023 चा ऑगस्ट येथील शेतकऱ्याला कळण्यासाठी संवेदकाची गरज नव्हती. एखाद-दुसरे संरक्षित पाणी देण्याइतके शेततळे वा विहीर असेल, तर मात्र ते फुलोऱ्यात द्यावे की शेंगा भरताना, हा निर्णय संवेदक सोपा करतो. त्याचा खरा उपयोग, माझ्या मते, ‘पाणी देऊ नका’ हे सांगण्यात आहे. रात्री वीज येते म्हणून रात्री, कालव्याची पाळी आली म्हणून पाळीला, असे गरजेपेक्षा अधिक पाणी हळदीला मिळत राहते, आणि साचलेल्या ओलीत कंदकूज शिरते. खालचा संवेदक अजून ओला आहे हे डोळ्यांनी दिसले, तर पंप बंद ठेवण्याचे धैर्य येते.

खताविषयी मात्र सावध राहावे. जमिनीत टोचताच नत्र, स्फुरद, पालाश सांगतात असे म्हणून विकले जाणारे स्वस्त दांडे प्रायः मातीची विद्युत्-वाहकता मोजून त्यावरून आकडे रचतात. त्यांच्यावर विसंबून खताची मात्रा ठरवू नये. माती परीक्षणासाठी प्रयोगशाळेला पर्याय नाही.

शेवटी दप्तरी व्यवहाराचा प्रश्न. आपल्या शेतातील नोंदी दाखविल्या की विम्याची वा अनुदानाची रक्कम मिळेल, अशी आशा अनेकांना असते. शासनाने ‘महावेध’ प्रकल्पाखाली 2017 पासून महसूल मंडळनिहाय दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली, आणि अतिवृष्टीच्या मदतीसाठी चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की नाही, हे मंडळाच्या नोंदीवरून पाहिले जाते. मंडळाचे केंद्र कोरडे राहून आपल्या शिवारात ढग फुटला, असे मराठवाड्यात वारंवार घडते. तेथे खासगी संवेदकाचा आकडा निर्णायक पुरावा म्हणून चालत नाही. तरीही तारीख-वेळेसह असलेली ती नोंद पंचनाम्याच्या अर्जाला अवश्य जोडावी, आणि विम्याच्या चालू नियमांप्रमाणे नुकसानीची सूचना द्यायची असेल, तर ती विमा कंपनीला ठरलेल्या मुदतीत स्वतंत्रपणे द्यावी. ती मुदत टळली, तर संवेदकाची नोंद कामी येत नाही.