स्ट्राशुन रस्ता, घर नंबर ६

जॉन हर्सीची 'द वॉल' ही कादंबरी या आठवड्यात घ्यायची ठरली होती. ती आता पुढच्या आठवड्यात. मध्येच सांगलीच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न बाजूला सारून पुढे जाणं मला जमेना. त्या विचारतात, "तुमच्या वाचक मंडळात ज्यूंच्या युद्धकाळावरच्या कादंबऱ्यांची चर्चा चालते. पण ज्यांच्यावर हे गुदरलं, त्या माणसांनी तेव्हा स्वतः काही वाचलं का?"

वाचलं. भरपूर वाचलं. आणि त्यात ऐतिहासिक कादंबऱ्याही होत्या.

विल्ना, म्हणजे आजच्या लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस. ज्यू विद्येचं इतकं मोठं पीठ की त्या शहराला 'लिथुआनियाचं जेरुसलेम' म्हणत. जून १९४१ मध्ये जर्मन फौजा तिथे शिरल्या आणि ६ सप्टेंबरला ज्यूंना घेट्टोत कोंडण्यात आलं. त्याआधीच शहराबाहेरच्या पोनारीच्या जंगलात गोळ्या घालून हजारो माणसं मारली गेली होती. वर्ष संपता संपता घेट्टोत जेमतेम वीसएक हजार लोक उरले.

या घेट्टोच्या हद्दीत, स्ट्राशुन रस्त्यावर सहा नंबरच्या घरात, एक जुनं ज्यू वाचनालय होतं. हेर्मान क्रुक हा वॉर्सातून निर्वासित होऊन आलेला ग्रंथपाल. समाजवादी 'बुंद' चळवळीतला कार्यकर्ता. कामगारांना वाचायला लावणं हेच त्याचं आयुष्य होतं. घेट्टो सुरू झाल्यावर काही दिवसांतच त्याने हे वाचनालय उघडलं. देवघेव सुरू झाली, अभ्यासिका सुरू झाली, नोंदवह्या भरू लागल्या. १३ डिसेंबर १९४२ रोजी घेट्टोत एक समारंभ झाला. निमित्त होतं एक लाखावं पुस्तक वाचकाच्या हाती गेल्याचं!

एक लाख हा आकडा वाचून आपल्याला भरून येतं. क्रुकचा स्वभाव मात्र हिशेबी होता. कोण वाचतंय, काय वाचतंय, का वाचतंय, याची त्याने छाननी केली आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये वर्षभराचा अहवाल लिहिला. धरपकडीत शेकडो माणसं नेली जात, तरी दुसऱ्या दिवशी पुस्तकं बदलायला लोक येतच. बहुसंख्य वाचकांना हव्या असत हलक्याफुलक्या कादंबऱ्या आणि रहस्यकथा. क्रुकने याला नशा म्हटलं आहे. ही नशा त्याला आवडत नव्हती, पण तिची गरज त्याला कळत होती. एका खोलीत अनेक कुटुंबं दाटीवाटीने राहत असताना तासभर दुसरीकडे कुठेतरी जाऊन येण्याचा तो एकच रस्ता होता.

पण त्याने वाचकांचा आणखी एक गट नोंदवला आहे, आणि आपल्या मंडळाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. हे वाचक युद्धावरची पुस्तकं मागत: टॉलस्टॉयचं 'युद्ध आणि शांती', रेमार्कच्या कादंबऱ्या, धर्मयुद्धांच्या काळात ज्यूंच्या झालेल्या कत्तलींचा इतिहास. शिवाय एक कादंबरी हातोहात जाई: फ्रांत्स वेर्फेलची 'मुसा दागचे चाळीस दिवस'.

वेर्फेल प्रागचा ज्यू, लिहायचा जर्मनमध्ये. दमास्कसमध्ये एका गालिच्याच्या कारखान्यात काम करणारी, उपासमारीने खंगलेली आर्मेनियन अनाथ मुलं त्याने पाहिली आणि १९१५ च्या आर्मेनियन संहारावर लिहायचं ठरवलं. त्या वर्षी समुद्राकाठच्या मुसा दाग डोंगरावर सहा गावांतले आर्मेनियन चढले, ऑटोमन सैन्याशी झुंजले आणि शेवटी फ्रेंच युद्धनौकांनी त्यांना सोडवलं. १९३३ च्या अखेरीस कादंबरी आली आणि काही महिन्यांतच जर्मनीत तिच्यावर बंदी आली. एका अल्पसंख्य समाजाला सरकार कसं टप्प्याटप्प्याने हाकलतं आणि संपवतं, हे त्या पानांत जर्मन भाषेत लिहिलेलं होतं.

आता आपल्या नेहमीच्या वादाकडे येतो. मराठीत ऐतिहासिक कादंबरीची चर्चा निघाली की पहिला प्रश्न येतो, 'हे बखरीत आहे का?' गेल्या बैठकीतही तेच झालं; छळछावण्यांवर लिहिताना कल्पनेला मुभा असावी का, यावर दोन तट पडले. वेर्फेलला ही कसोटी लावली तर तो नापास होतो. खरा लढा त्रेपन्न दिवस चालला; त्याने बायबलमधला चाळीसचा आकडा घेतला. त्याचा नायक गाब्रिएल बाग्रादियान हा कल्पित आहे.

तरीही फेब्रुवारी १९४३ मध्ये पोलंडमधल्या बिआविस्तोकच्या घेट्टोत काय झालं ते पाहा. ज्यू तरुणांच्या एका गटाची बैठक भरली होती. प्रश्न एकच: जंगलात निघून जायचं की घेट्टोतच थांबून लढायचं? या बैठकीचं टिपण लपवून ठेवलं गेलं म्हणून आज आपल्यापर्यंत पोचलं. त्यात एक तरुण म्हणतो, की या घेट्टोलाच आपला मुसा दाग समजलं पाहिजे. कादंबरीचं नाव घेतल्यावर ती समजावून सांगावी लागली नाही; बैठकीतल्या सगळ्यांना संदर्भ ठाऊक होता.

बिआविस्तोकला ना डोंगर होता, ना समुद्र, ना कुणाच्या युद्धनौका. ऑगस्टमध्ये उठाव झाला आणि काही दिवसांत चिरडला गेला. वेर्फेलच्या कथेतली सुटका त्यांना मिळणार नव्हती हे त्यांना माहीत होतं. शिवाय कादंबरीतला बाग्रादियानही सुटत नाही. मुलाच्या थडग्यापाशी मागे राहतो आणि मारला जातो. या तरुणांनी कादंबरीकडून शेवट मागितला नव्हता. निवड करायची वेळ आलेली माणसं एकमेकांशी कसं बोलतात, कुणाला कशाची भीती वाटते, जबाबदारी कोण उचलतो, हे त्यांनी तिच्यातून घेतलं. दिवस त्रेपन्न की चाळीस, याने त्यात काही उणं पडलं नाही.

म्हणून मला वाटतं, 'बखरीत आहे का' हा प्रश्न आवश्यक आहे, पण तिथेच थांबणं हे कादंबरीवर आणि वाचकावर दोघांवरही अन्याय करणारं आहे. तपशील तपासायचा, नक्की तपासायचा. आणि मग विचारायचं, या पुस्तकाने माणसाच्या निर्णयाची गोष्ट खरी सांगितली का?

क्रुकबद्दल थोडं राहिलं. सप्टेंबर १९४३ मध्ये विल्नाचा घेट्टो रिकामा केला गेला. त्याला एस्टोनियातल्या छावण्यांत नेलं. तिथेही तो लिहीत राहिला. १७ सप्टेंबर १९४४ रोजी लागेदीच्या छावणीत त्याने आपले कागद पुरले. दुसऱ्या दिवशी त्याला मारलं गेलं. त्याच्या पुढच्याच दिवशी रशियन फौजा पोचल्या. त्याची विल्नाची रोजनिशी १९६१ मध्ये यिद्दिशमध्ये छापली गेली, २००२ मध्ये इंग्रजीत आली. मंडळातल्या ज्यांना जमेल त्यांनी ती जरूर मिळवावी.

पुढच्या आठवड्यात हर्सी नक्की. 'द वॉल' हातात घेतलेल्यांना एक काम: त्यातला टिपणं ठेवणारा नोआख लेविन्सन हे कल्पित पात्र आहे, पण वॉर्साच्या घेट्टोत असं काम करणारा इतिहासकार खरोखर होता. एमानुएल रिंगेलब्लुम हे नाव लक्षात ठेवून वाचा, आणि हर्सीने कुठे नोंदीवर भिस्त ठेवली आणि कुठे स्वतःच्या हिमतीवर पाऊल टाकलं, तिथे खुणा करून आणा.