फैजपूरच्या आधीची नाराजी

फैजपूरचे नाव निघाले, की आम्ही खानदेशी माणसे अभिमानाने सांगतो, ‘ग्रामीण भागातले काँग्रेसचे पहिले अधिवेशन आमच्याकडे भरले!’ २७ आणि २८ डिसेंबर १९३६. धनाजी नाना चौधरी यांची धडपड, नंदलाल बोस यांनी केलेली सजावट, बैलांच्या रथातून आलेले अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, हे सारे जळगाव-धुळ्यात घरोघरी ठाऊक आहे. पण सहाच महिन्यांपूर्वी याच अध्यक्षांवर त्यांचे ज्येष्ठ सहकारी किती नाराज होते, ते सहसा कोणी सांगत नाही. मला आज तेच सांगायचे आहे.

एप्रिल १९३६ मध्ये लखनौच्या अधिवेशनात नेहरूंनी अध्यक्षपदावरून समाजवादाचा पुरस्कार केला. जयप्रकाश नारायण, आचार्य नरेंद्र देव आणि अच्युतराव पटवर्धन या समाजवाद्यांना कार्यकारिणीत घेतले. जुन्या वळणाच्या मंडळींना हे रुचले नाही. काँग्रेसने समाजवाद स्वीकारलेला नसताना अध्यक्षांनी त्याचा प्रचार का करावा, असा त्यांचा सवाल होता. प्रांतिक निवडणुकाही तोंडावर आल्या होत्या. अखेर २९ जूनला सात सदस्यांनी राजीनामे दिले. त्यांत वल्लभभाई पटेल, राजेंद्रप्रसाद, राजगोपालाचारी यांच्यासह महाराष्ट्राचे शंकरराव देवही होते. गांधीजींनी मध्यस्थी केली, तेव्हा राजीनामे मागे घेतले गेले.

फैजपूरच्या अध्यक्षपदासाठी वल्लभभाईंचे नाव पुढे आले होते. त्यांनी नेहरूंसाठी माघार घेतली. मात्र नेहरूंची सगळीच मते आपल्याला मान्य आहेत असे कोणी समजू नये, आणि अध्यक्षाच्या हाती सर्वाधिकार नसतात, हेही त्यांनी जाहीर निवेदनात बजावले.

मग फैजपूरला काय झाले? समाजवादाचा ठराव झाला नाही. शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम मात्र ठरला. खंड आणि सारा कमी करावा, न परवडणाऱ्या लहान जमिनींना साऱ्यातून सूट द्यावी, कर्जवसुली काही काळ थांबवावी, कुळांना जमिनीवर स्थैर्य मिळावे, अशा त्यात मागण्या होत्या. कापूस पिकवणाऱ्या, सावकाराच्या वहीत अडकलेल्या आपल्या भागाला त्यांचे मोल सांगावे लागत नव्हते.

मतभेद तिथे संपले नाहीत. ते पुढेही चालूच राहिले. पण नाराज मंडळींनी आपले म्हणणे लेखी मांडले, अध्यक्षांच्या अधिकाराची मर्यादा दाखवली आणि निवडणुकीत एकत्र काम केले. नाराजी म्हणजे गद्दारी किंवा पक्षांतर एवढेच ज्यांना दिसते, त्यांनी फैजपूरच्या इतिहासाचे हे पानही उलटून पाहावे, असे मला वाटते.