यती हलत नाही

ऑरलँडोजवळच्या डिस्नेच्या ‘ॲनिमल किंग्डम’मध्ये दुपारचं ऊन चटके देतंय आणि आम्ही हिमालयात जायला रांगेत उभे आहोत. डोक्यावर रंगीत प्रार्थना-पताका, कडेला मणिचक्रं, पुढे उतरत्या छपरांचं मंदिर. त्यातली मूर्ती नीट पाहिली तर देवाची नाही, यतीची, म्हणजे दंतकथांमधल्या हिममानवाची. भाची माझ्यापुढे आहे. वय वर्षं अकरा, जन्म याच देशातला, मराठी मात्र ताईने पक्कं करून घेतलेलं. ती मान वळवून सांगते, “मावशी, शेवटी डोळे मिटू नकोस. यती दोन सेकंदच दिसतो. आणि तो हलत नाही.”

“हलत नाही म्हणजे?”

“बंद पडलाय. मी जन्मायच्या आधीपासून.”

आमच्या मागे एकसारखे पिवळे टी-शर्ट घातलेलं कुटुंब आहे. वडील दोन्ही हातांचे पंजे करून धाकट्याला दाखवतायत, यती अशी झडप घालणार, असा डबा ओढणार. पोरगं त्यांच्या शर्टाचं टोक मुठीत धरून ऐकतंय. भाची माझ्या कानाशी लागते, “त्यांना सांगू नकोस हं.”

राइडचं नाव ‘एक्सपिडिशन एव्हरेस्ट’. ती एप्रिल २००६ मध्ये सुरू झाली. खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात गेल्याचं तेव्हा छापून आलं होतं, आणि गिनेसने जगातली सर्वांत महागडी रोलर कोस्टर म्हणून तिची नोंदही केली. नावातलं एव्हरेस्ट मात्र मागे कोपऱ्यात आहे, दूर वाटावं म्हणून लहान केलेलं. गाडी जाते ती त्याच्या पुढच्या ‘निषिद्ध डोंगरा’तून. या डोंगराची उंची १९९.५ फूट. दोनशे भरले असते तर विमानांसाठी माथ्यावर लाल दिवा लावावा लागला असता, आणि मग कसला हिमालय नि कसलं काय! अर्धा फूट राखून त्यांनी सोंग सांभाळलं. इतकी बारकाई करणारी ही माणसं आहेत, हे ध्यानात ठेवावं लागतं, कारण पुढे जे दिसणार आहे ते त्यांच्याच हातचं आहे.

रांग एका छोट्या संग्रहालयात शिरते. पंखे फिरतायत, सगळ्यांचे खांदे एकदम सैल पडतात. काचेमागे मोठाल्या पावलांच्या ठशांचे साचे, फोटो, गिर्यारोहकांचं सामान, यतीच्या दंतकथा. गाव काल्पनिक, सेर्का झाँग नावाचं. राज्य काल्पनिक, आनंदपूर. गोष्ट अशी की इथल्या चहा कंपनीची जुनी आगगाडी यतीच्या भीतीने बंद पडली होती, आता पर्यटकांसाठी पुन्हा सुरू झाली आहे. भिंतींचे पोपडे, गंजलेले खिळे, झिजलेल्या पायऱ्या, सगळं नव्याने जुनं केलेलं. मला रांगेचा कंटाळा लवकर येतो, पण इथे येत नाही. पुढे काय भेटणार त्याची कुजबुज प्रत्येक वस्तू करत असते, आणि भीतीची अर्धी मशागत इथेच होऊन जाते. पिवळ्या शर्टातलं पोरगं एका ठशाशेजारी आपलं पाऊल ठेवून बघतंय. बूट ठशाच्या अंगठ्याएवढासुद्धा भरत नाही.

फलाट. वाफेच्या इंजिनासारखी सजवलेली गाडी येते, चौतीस जणांची. भाची ओढत मला शेवटच्या रांगेत नेते. मांडीवरचा दांडा खाली येतो, कर्मचारी मुलगी तो ओढून बघते, अंगठा दाखवते. पिवळं कुटुंब आमच्या पुढच्या दोन रांगांत.

सुरुवात साधीच. एक वळण, मग लांबलचक चढ. गाडी पडक्या मंदिरातून जाते, भिंतीवर यतीचं भलंमोठं चित्र. माथ्यावरच्या बोगद्यातून बाहेर येतो आणि गाडी थांबते. समोरचे रूळ उखडून, पिळवटून हवेत वर वळलेले आहेत. पुढे वाट नाही. डब्यात क्षणभर कुणी बोलत नाही. मग मागे कुठेतरी सांधा बदलतो आणि गाडी उलटी सुटते, अंधारात, गरगर वळत. आमची शेवटची रांग आता पहिली झाली आहे आणि पाठीमागे काय येतंय ते दिसत नाही. पोट जागेवर राहत नाही. भाची हसतेय, मी तिचं मनगट आवळलंय.

पुन्हा थांबते. गुहेच्या भिंतीवर एक सावली उभी राहते. केसाळ, खांदे झुकलेले. ती रूळ उचलते, वाकवते, आपल्याकडे बघते आणि डरकाळी फोडते. निव्वळ पडद्यावरचा खेळ आहे, पण माझ्या मानेवर काटा येतो. त्याच क्षणी गाडी पुढे झेपावते, डोंगरातून बाहेर, ऐंशी फूट खाली. ताशी पन्नास मैल, म्हणजे आपले ऐंशी किलोमीटर. डोळ्यांत पाणी, तोंडात वारा, खाली हिरवळ गरकन फिरते, पुन्हा डोंगर, पुन्हा बाहेर, आणि मग शेवटचा अंधार.

“आता!” भाची ओरडते.

वर तो आहे. पांढरट केसांचा ढीग, उघडा जबडा, आमच्या दिशेने पुढे केलेला हात. निळसर दिवा फटाफट उघडमीट करतोय, त्या लखलखाटात एकदा बोटं दिसतात, एकदा दात. हात तिथल्या तिथेच आहे. आम्ही त्याच्याखालून निसटतो आणि गाडी उजेडात येते. डिस्कोथेकमध्ये कुणीतरी स्तब्ध उभा राहावा तसा तो दिसला. त्याचे चाहते त्याला ‘डिस्को यती’ म्हणतात ते यावरूनच.

तो असा बनवलेला नव्हता. सुमारे पंचवीस फूट उंचीचा हा यती सुरुवातीला खरोखर झडप घालायचा. पाच फूट पुढे यायचा, दीड फूट खाली वाकायचा, पंजा डब्यावरून फिरवायचा. तेवढं धूड तेवढ्या वेगाने हलवणाऱ्या यंत्रणेची एकत्र ताकद जंबो जेटच्या इंजिनांपेक्षा जास्त भरते, असं तेव्हा कौतुकाने सांगितलं जायचं. ताकद हाच घोळ झाला. आधाराच्या सांगाड्यावर इतका ताण येऊ लागला की त्याला चालू ठेवणं धोक्याचं ठरलं, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. काही महिन्यांत कुरबुरी, २००८ पर्यंत हालचाल बंद, आणि तेव्हापासून हा लुकलुकता दिवा.

गंमत म्हणजे बांधताना काळजी कमी घेतली नव्हती. डोंगराचा सांगाडा वेगळा, रुळांचा वेगळा, यतीचा वेगळा. एकाचा धक्का दुसऱ्याला लागू नये म्हणून तिन्ही एकमेकांना टेकत नाहीत. मग या सगळ्यावर डोंगर चढवला आणि बंद केला. राइडचे प्रमुख रचनाकार जो रोडी यांनी २०१३ मध्ये चाहत्यांसमोर अडचण सांगितली ती हीच: उंच मनोऱ्यावर बसवलेलं अवाढव्य यंत्र, आणि तेही पूर्ण झालेल्या इमारतीच्या मधोमध. कधी ना कधी यतीला दुरुस्त करीनच, असा शब्दही त्यांनी तिथे दिला. २०२१ च्या जानेवारीत ते निवृत्त झाले. २०२२ मध्ये राइड काही महिने दुरुस्तीसाठी बंद राहिली, पुन्हा सुरू झाली, यती होता तसाच.

यावरून मला गणपतीतले हलते देखावे आठवतात. भीमाची गदा वर अडकली की मंडळाचा एक कार्यकर्ता पडदा पाडायला लावतो, स्टेजखाली सरपटत जातो, पट्टा चढवतो, नि ‘भक्तहो, देखावा पुन्हा सुरू होत आहे’ होतं. स्टेजखाली माणूस शिरेल एवढी जागा आधीच सोडलेली असते. गदा कधी ना कधी अडकणार, हे सुतारापासून वर्गणीदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. इथे विमानांच्या दिव्याचा विचार झाला, खिळ्यांच्या गंजाचा झाला, पण एवढं मोठं यंत्र मोडलं तर बाहेर कसं काढायचं, याचं उत्तर डोंगर बंद करण्याआधी तयार नव्हतं. माझ्या मते बिघाड यंत्राचा असला तरी दोष आराखड्याचा आहे.

फलाटावर उतरतो. पिवळ्या शर्टातलं पोरगं थरथरतंय आणि एकाच वेळी उड्या मारतंय. वडिलांना ते हात हवेत फिरवून दाखवतंय, यतीने असा पंजा मारला, अगदी डोक्यावरून गेला. वडील मान डोलावतायत. त्यांनी बहुतेक डोळे मिटले होते. भाची माझ्याकडे बघून भुवया उडवते. दिव्याची उघडमीट याच कामासाठी आहे. पुढचा क्षण अंधारात गेला की मधली हालचाल डोकं आपणच भरून काढतं, आणि ज्याला काही ठाऊक नाही त्याचं डोकं ती उदारपणे भरतं. मला ठाऊक होतं, म्हणून मला पुतळा दिसला.

बाहेरच्या दुकानात कापडी यतींचे ढीग आहेत, मऊ, हसरे. भाची एकाचा हात धरून हलवून बघते आणि परत ठेवते.

पंचवीस फुटी थिजलेल्या राक्षसापेक्षा दहा फुटी पण हलणारा मला चालला असता. राइड मात्र यतीवर अवलंबून नाही. उखडलेले रूळ, उलटा अंधार आणि ती भिंतीवरची सावली, एवढ्यावर ती तरून जाते. सावलीला तर एक पडदा नि एक प्रोजेक्टर पुरतो. तिकडे जाणार असाल तर मुलांची उंची आधी मोजून घ्या, चव्वेचाळीस इंच लागते. शेवटची रांग मागून घ्या, कारण उलट्या अंधारात तीच आधी शिरते. आणि सोबत कुणी नवखं असेल तर यती बंद आहे हे त्याला उतरल्यावरच सांगा.