चंद्रपूरची हवा : मोजमाप आणि उपाय

कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र व सिमेंट कारखाने यांनी चंद्रपूर जिल्ह्याला रोजगार दिला. त्याचबरोबर धूळ आणि धुराचा भारही दिला. १९८१ च्या हवा प्रदूषणविषयक केंद्रीय अधिनियमानुसार हवेच्या प्रदूषणावर नियंत्रण ठेवण्याचे काम राज्य मंडळांकडे आले.

धूळ मोजण्याची रूढ पद्धत साधी आहे. यंत्राद्वारे हवा गाळणकागदातून खेचली जाते आणि कागदाच्या आधीच्या व नंतरच्या वजनातील फरकावरून धूलिकणांचे प्रमाण ठरते. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक सरासरी दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. याहून बारीक कण फुप्फुसांत खोलवर जात असल्याने त्यांची मर्यादा ४० आहे.

२०१९ मध्ये आरंभ झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात चंद्रपूरचा समावेश आहे. तथापि, केवळ नोंदी ठेवल्याने हवा शुद्ध होत नाही. कोळसा झाकून नेणे, रस्त्यांवर पाणी शिंपडणे व कचरा न जाळणे हे उपाय प्रत्यक्षात यावे लागतात. प्रत्येक गावी यंत्र बसविणे शक्य नसते. तेथे झाकण नसलेली वाहने व जळता कचरा यांची तारीखवार नोंद ठेवून ती मंडळास कळविण्याचे कार्य ग्रामपंचायती व शिक्षक निश्चितच करू शकतात.