प्रश्नोत्तरे, विधिमंडळातील

प्रश्नोत्तरे, विधिमंडळातील : विधिमंडळाच्या सदस्याने सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीविषयी रीतसर सूचना देऊन मंत्र्याकडून माहिती मागणे आणि मंत्र्याने सभागृहात तोंडी किंवा लेखी उत्तर देणे, या संसदीय प्रक्रियेस ही संज्ञा लावतात. बैठकीच्या प्रारंभीचा जो तास या कामासाठी राखून ठेवलेला असतो, त्यास ‘प्रश्नोत्तराचा तास’ म्हणतात.

भारतीय संविधानाच्या १६४ व्या अनुच्छेदानुसार राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेस सामुदायिक रीत्या जबाबदार असते. अविश्वासाच्या ठरावाच्या वेळी ही जबाबदारी ठळकपणे नजरेस येते; परंतु असे प्रसंग विरळा, आणि बहुमत पाठीशी असलेले मंत्रिमंडळ त्यांतून सहसा निभावून जाते. विधेयक असो, अर्थसंकल्प असो वा ठराव असो, सभागृहातील बहुतेक कामकाजाचा निकाल अखेर मतांच्या संख्येवर लागतो. प्रश्न हा याला मोठा अपवाद आहे. प्रश्न विचारण्यास बहुमत लागत नाही, पक्षाचे पाठबळही लागत नाही. दूरच्या एखाद्या तालुक्यातून निवडून आलेला एकटा सदस्य शासनाला बोलते करू शकतो, आणि शासन जे बोलते ते कायमचे कार्यवृत्तात नोंदले जाते. या आयुधाचे सर्व सामर्थ्य, आणि ते बोथट करण्याच्या सर्व युक्त्याही, या एका गोष्टीत सामावल्या आहेत.

या प्रथेचा उगम ब्रिटिश संसदेत झाला. १७२१ मध्ये साउथ सी कंपनीचा रोखपाल देश सोडून पळाला असता उमराव सभेत अर्ल कौपर यांनी त्यासंबंधी सरकारला विचारणा केली. नोंद असलेला हा पहिला संसदीय प्रश्न मानला जातो. भारतात १८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या विधान परिषदांना केवळ कायदे करण्यापुरताच अधिकार होता. कारभाराविषयी विचारणा करण्याची सोय तीत नव्हती. त्याआधीच्या विधान परिषदेने सरकारकडे खुलासे मागण्यास सुरुवात केली होती आणि ते लंडनमधील राज्यकर्त्यांना रुचले नव्हते, हे त्यामागील एक कारण होते. १८९२ च्या कायद्याने सदस्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क प्रथम मिळाला. तोही बेताचाच होता : उत्तरावर चर्चा करता येत नसे, उपप्रश्नही विचारता येत नसे. १६ फेब्रुवारी १८९३ रोजी अवधमधील भिंग्याच्या राजांनी मध्यवर्ती परिषदेत पहिला प्रश्न विचारला. त्याचा विषय ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दौऱ्यावर निघालेल्या सरकारी अधिकाऱ्यांच्या मुक्कामांना सामानसुमान पुरविताना खेड्यातील दुकानदारांना जो जाच सोसावा लागे, त्याबद्दल तो प्रश्न होता. साम्राज्याच्या सर्वोच्च सभेत पहिली विचारणा झाली, ती गावच्या वाण्याच्या गाऱ्हाण्याची.

१९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारण्याची मुभा दिली; १९१९ च्या कायद्यानंतर ती सर्व सदस्यांना मिळाली. याच कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली, आणि सोपीव खात्यांचे मंत्री परिषदेस उत्तरदायी झाले. मुंबई प्रांतात १९३७ साली विधानसभा अस्तित्वात आल्यावर तिचे अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांनी कामकाजाच्या प्रथांना जी शिस्त लावली, ती पुढे ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्याबरोबर दिल्लीस गेली.

ठराव आणि प्रश्न यांतील भेद याच प्रांतातील एका उदाहरणावरून स्पष्ट होतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांच्या सूचनेवरून मुंबई विधान परिषदेने सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा ठराव केला. सरकारने त्याप्रमाणे खात्यांना कळविले. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचे ठरविले. तरीही त्या तळ्याचे पाणी प्रत्यक्ष घेण्यासाठी मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ठरावाने धोरण ठरते. ते गावात पोहोचले की नाही, हे ठराव सांगत नाही. ते विचारावे लागते. प्रश्नाची जागा नेमकी येथे आहे.

महाराष्ट्र विधिमंडळात प्रश्नांचे मुख्यतः तीन प्रकार रूढ आहेत. ज्यास तोंडी उत्तर अपेक्षित असते व ज्यावर उपप्रश्न विचारता येतात, तो तारांकित प्रश्न. यादीत त्यावर तारेची खूण असते, म्हणून हे नाव. अतारांकित प्रश्नाचे उत्तर केवळ लेखी मिळते. निकडीच्या बाबीसंबंधी नेहमीच्या मुदतीपेक्षा कमी मुदतीत विचारलेला, तो अल्पसूचना प्रश्न. मात्र मंत्र्याची संमती असल्याशिवाय तो घेतला जात नाही. प्रश्न स्वीकारावा की नाही, याचा निर्णय विधानसभेत अध्यक्ष व विधान परिषदेत सभापती करतात. प्रश्न नेमका व आटोपशीर असावा, त्यात युक्तिवाद, उपरोध वा कल्पित प्रसंग नसावा, न्यायप्रविष्ट बाबीला त्याने स्पर्श करू नये, तो शासनाच्या अखत्यारीतील असावा आणि त्यात केलेल्या विधानाच्या खरेपणाची जबाबदारी सदस्याने घ्यावी, असे नियमांचे सर्वसाधारण स्वरूप आहे.

या प्रश्नांची भाषा हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ या शब्दांनी प्रश्न सुरू होतो आणि त्याचे भाग पाडलेले असतात. समजा, एखाद्या गावची नळपाणी योजना कागदावर पूर्ण झाली असून नळाला पाणी नाही. पहिल्या भागात सदस्य वस्तुस्थिती मांडतो व शेवटी विचारतो, ‘हे खरे आहे काय’. दुसरा भाग ‘असल्यास’ या शब्दाने सुरू होतो : चौकशी केली आहे काय, तीत काय आढळून आले, त्यानुसार दोषींवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे. अखेरचा भाग बहुधा ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ असा असतो. वरवर पाहता हा ठोकळेबाज साचा वाटतो. प्रत्यक्षात तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने घडलेला सापळा आहे. पहिल्या भागास ‘होय’ म्हटले की दुसऱ्यात कारवाई सांगावी लागते, आणि कारवाई नसेल तर तिसऱ्यात कारण द्यावे लागते.

उत्तर देणाऱ्यांनीही आपला साचा घडविला आहे. ‘हे खरे नाही’ असे पहिल्या भागाचे उत्तर आले, की पुढील सर्व भागांपुढे ‘प्रश्न उद्‌भवत नाही’ असे तीन शब्द लिहून काम भागते. त्यामुळे प्रश्नातील एखादी तारीख वा रक्कम चुकली, तर मूळ तक्रार खरी असूनही सबंध प्रश्न नाकारला जाण्याचा संभव असतो. अनुभवी सदस्य म्हणून ‘सुमारे’, ‘माहे जून वा त्या दरम्यान’ असे शब्द जाणीवपूर्वक योजतात. ‘हे अंशतः खरे आहे’ हे उत्तर त्या मानाने प्रामाणिक म्हणावे लागेल, कारण कोणता अंश खरा, हे सांगण्याचे ओझे ते मंत्र्यावर ठेवते. ‘माहिती घेण्यात येत आहे’ हे सर्वांत सोयीस्कर उत्तर होय.

सभागृहात उत्तर दिले जाते त्याच्या कितीतरी आधी प्रश्नाचा परिणाम सुरू झालेला असतो, ही गोष्ट सामान्यतः लक्षात घेतली जात नाही. सूचना विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयातील संबंधित विभागाकडे जाते. तेथील कक्ष अधिकारी ती जिल्हाधिकाऱ्याकडे, जिल्हा परिषदेकडे वा क्षेत्रीय कार्यालयाकडे पाठवितो. आणि तेथून ती तहसीलदार वा उपअभियंत्याच्या टेबलावर येते. वर्षभर न हललेली नस्ती ‘विधानसभा तारांकित’ असा शेरा पडताच हलते. उत्तराच्या तारखेपूर्वी घाईने दुरुस्ती होते, अडलेले वेतन निघते, चौकशी अधिकारी नेमला जातो, म्हणजे मंत्र्यास ‘कार्यवाही करण्यात आली आहे’ असे म्हणता यावे. प्रश्न यादीत लागो वा न लागो, मतदारसंघाच्या दृष्टीने काम झालेले असते. उलट बाजूही तितकीच खरी आहे : ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच कार्यालयातून उत्तराचा मसुदा येतो, आणि वरचे अधिकारी तो तपासतीलच असे नाही.

येथे उपप्रश्नांचे महत्त्व आहे. छापील उत्तर विभागाचे असते. उपप्रश्नाचे उत्तर मंत्र्याचे स्वतःचे असते. त्याने विषय समजून घेतला आहे की केवळ मसुद्यावर सही केली आहे, हे दुसऱ्या-तिसऱ्या उपप्रश्नात उघड होते. नेत्रकक्षेत बसलेल्या अधिकाऱ्यांकडून चिठ्ठ्या येऊ लागल्या, की सभागृह काय ते ओळखते. उत्तर समाधानकारक नसल्यास पीठासीन अधिकारी प्रश्न राखून ठेवू शकतात, आणि उत्तरातून निघालेल्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीवर अर्धा तास चर्चेची मागणी करता येते. मंत्र्याने चुकीची माहिती दिली असल्यास ती निदर्शनास आणून दुरुस्त करून घेण्याचा मार्ग आहे. ती हेतुपुरस्सर दिली असेल तरच हक्कभंगाचा विषय होतो, आणि हेतू सिद्ध करणे सोपे नसते.

मोघम उत्तर किती महाग पडू शकते, याचे सर्वांत परिचित उदाहरण केंद्रातील आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. त्याविषयी सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत विचारलेल्या प्रश्नास अर्थखात्याकडून स्पष्ट उत्तर मिळाले नाही. डिसेंबरमध्ये फिरोझ गांधी यांनी तो धागा पकडून प्रकरण तपशीलवार मांडले. ते सत्ताधारी पक्षाचेच सदस्य होते, हे विशेष. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मो. क. छागला यांच्या आयोगाने मुंबईत जाहीर चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

उत्तरादाखल मंत्री जेव्हा ‘तपासून पाहू’, ‘चौकशी करू’ असे म्हणतो, तेव्हा ते आश्वासन गणले जाते. अशा आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी लोकसभेत १९५३ पासून समिती आहे. महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती काम करते. ‘माहिती घेण्यात येत आहे’ या उत्तराची सोय या समितीमुळे काहीशी कमी झाली, कारण ती माहिती आली की नाही हे विचारणारे कोणीतरी निर्माण झाले. समितीला शिक्षेचा अधिकार नाही. सचिवांना साक्षीस बोलावून खुलासा मागणे, एवढेच तिच्या हाती असते.

महाराष्ट्रात प्रश्नांच्या बळावर ज्यांनी नाव मिळविले, ते बहुतांशी लहान पक्षांचे सदस्य होते. दुष्काळी सांगोल्यातून शेतकरी कामगार पक्षातर्फे अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख (मृत्यू २०२१) यांनी पाणी व शेतीचे प्रश्न सातत्याने लावून धरले. १९७८ व १९९९ मध्ये ते स्वतः मंत्री झाल्याने उत्तर देणाऱ्याची बाजूही त्यांना ठाऊक होती. समाजवादी नेत्या मृणाल गोरे १९७२ मध्ये विधानसभेत आल्या. पाणीटंचाई व महागाई यांविरुद्ध रस्त्यावर लढविलेला विषय सभागृहात नेणे आणि तेथे मिळालेले उत्तर पुन्हा लोकांपुढे ठेवणे, ही त्यांच्या कार्याची रीत होती. मोर्च्याला मंत्री तोंडी दिलासा देऊ शकतो. सभागृहात दिलेला शब्द त्याला छापील स्वरूपात पुन्हा भेटतो.

या हक्काचा दुरुपयोगही झाला आहे. १९५१ मध्ये हंगामी संसदेचे मुंबईतील सदस्य एच. जी. मुद्गल यांनी मुंबईच्या सराफ संघटनेकडून मोबदला घेऊन तिच्या हिताचे प्रश्न विचारल्याचे चौकशीत निष्पन्न झाले व त्यांना जावे लागले. त्या चौकशी समितीचे अध्यक्ष पुढे मुंदडा प्रकरणात राजीनामा देणारे कृष्णम्माचारीच होते. २००५ मध्ये अशाच आरोपावरून संसदेच्या अकरा सदस्यांची हकालपट्टी झाली आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. याहून नित्याची हानी निराळीच आहे. गदारोळात प्रश्नोत्तराचा तास वाया गेला की सर्वाधिक सुटका मंत्र्याची होते. गोंधळ घालणारे विरोधक हे सोयीस्करपणे विसरतात. सप्टेंबर २०२० च्या संसदीय अधिवेशनात कोव्हिड साथीच्या कारणाने हा तासच घेतला गेला नाही, केवळ लेखी उत्तरे देण्यात आली. उत्तरे मिळाली, उपप्रश्न मात्र राहिले.

जी माहिती संसदेला वा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीस नाकारली जाणार नाही, असे वचन २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील मूळ तरतुदीत वैयक्तिक माहितीच्या संदर्भात दिलेले होते. या कायद्यामुळे अनेक नागरिक आता स्वतःच कार्यालयांकडून कागद मिळवितात आणि ते हाती घेऊन आमदाराकडे जातात. प्रश्नाच्या पहिल्या भागातील तारखा व रकमा त्यामुळे पूर्वीपेक्षा अचूक येऊ लागल्या असून, ‘हे खरे नाही’ असे उत्तर देणे तितक्या प्रमाणात अवघड झाले आहे.