चिनी पंचतत्त्वे आणि आपले घर

हल्ली नवे घर बांधले की दाराशी धातूच्या नळ्यांची किणकिणती माळ लागते, कपाटावर हसरा बुद्ध येऊन बसतो आणि पाण्याच्या पेल्यात बांबूची कांडी उभी राहते. ‘फेंगशुई’ हे नाव आता चिटगुप्प्यासही नवे राहिलेले नाही. या वस्तूंनी घराचा समतोल साधतो, असे विकणारे सांगतात. समतोल कशाचा, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ट्रस्टच्या महोत्सवी अंकाच्या निमित्ताने सभासद बंधुभगिनींपुढे याविषयी दोन शब्द मांडावेत, असे आम्ही योजिले आहे.

चिनी भाषेत ‘फेंग’ म्हणजे वारा आणि ‘शुई’ म्हणजे पाणी. लाकूड, अग्नी, माती, धातू व पाणी ही त्या विद्येची पाच तत्त्वे होत. आपली पंचमहाभूते म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू व आकाश. तीन जुळतात, वायू व आकाश यांच्या जागी तेथे लाकूड व धातू येतात. पण खरा भेद याहून खोल आहे. आपल्याकडे महाभूते ही सृष्टी घडविणारी द्रव्ये मानली आहेत. चिनी तत्त्वांना ‘शिंग’ म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ चालणे असा आहे. म्हणजे ती पाच द्रव्ये नसून पाच चाली आहेत. लाकूड अग्नीला पोसते, अग्नीच्या राखेची माती होते, मातीच्या पोटी धातू निपजतो, धातूवर दव धरून पाणी होते आणि पाण्यावर झाड वाढते. त्याचप्रमाणे पाणी अग्नीला आवरते, अग्नी धातूला वितळवितो, धातू लाकूड तोडतो, लाकडाची मुळे माती भेदतात आणि माती पाण्याला बांध घालते. एक फार वाढले की दुसऱ्याने त्यास आवरावे, हाच तो समतोल.

हे आपणांस परके वाटू नये. बिदरच्या बिदरी कामातच पाहा. जस्तात थोडे तांबे मिसळून अग्नीवर वितळवितात, मातीच्या साच्यात ओततात, त्यात चांदीची नक्षी बसवितात आणि शेवटी किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या पाण्यात भांडे काळे करतात. चांदी तेवढी पांढरी राहते. चालींचा मेळ बसतो तेव्हाच ते भांडे साधते.

आता आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आम्ही जुने माळवद काढून स्लॅब घातला. पहिल्याच वैशाखात आजीला माजघरात रात्री झोप येईना. एका जाणत्या म्हणविणाऱ्याने दक्षिणेस अग्नीचा दोष सांगितला व दार फिरवावयास लावले. खर्च झाला, आजीची तळमळ तशीच राहिली. मग आमच्या ध्यानात आले, की लाकडी तुळयांवरचा मातीचा जाड थर दिवसभराचे ऊन अडवीत असे. तो आम्ही आपल्या हातांनी काढला होता. अग्नीचा जोर माती शोषून घेते, असे चिनी शास्त्रही सांगते. स्लॅबला चुन्याचा पांढरा हात दिला, पश्चिमेच्या खिडकीबाहेर तट्टा बांधून त्यावर पाणी मारू लागलो आणि त्याच अंगास कडुलिंब लावला. पुढच्या उन्हाळ्यात आजी पुन्हा माजघरात निजू लागली.

दिशांचेही असेच आहे. चिनी कोष्टकात अग्नी दक्षिणेस व पाणी उत्तरेस असते. उत्तर चीनमध्ये दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडून बोचरा वारा येतो. म्हणून तेथील घरे दक्षिणेस तोंड करून, उत्तरेस पाठ करून बसतात. चिटगुप्प्यास मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो. आपला खरा अग्नी उन्हाळ्यातील तिसऱ्या प्रहरी पश्चिमेकडून येतो. तेव्हा तेथील कोष्टक उचलून येथे लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालणे होय.

दुकानातील वस्तूंबद्दल थोडेसे. तो हसरा बुद्ध गौतम बुद्ध नव्हे. बुदाई नावाच्या चिनी भिक्षूची ती मूर्ती. पाण्यातील ती कांडीही बांबू नव्हे. ते आफ्रिकेतील एक निराळेच झाड आहे. हौसेने ठेवावे, हसऱ्या चेहऱ्यास कोणाची हरकत असणार? पण त्याने तापलेले छप्पर निवत नाही.

आमची विनंती इतकीच, की जुने घर पाडण्यापूर्वी त्यात एक दिवस डोळे उघडे ठेवून बसावे. ऊन कोठून येते, वारा चौकातून कसा वर जातो, रांजण कोणत्या सावलीत आहे, चुलीचा धूर कोठून बाहेर पडतो, हे पाहावे. वडीलधाऱ्यांनी हे सारे पिढ्यान्‌पिढ्या अनुभवून बसविले होते. सिमेंटचे घर अवश्य बांधावे. मात्र जे काढतो त्याचे काम पुढे कोण करणार, हे आधी ठरवावे. घरातील म्हाताऱ्या माणसास वैशाखात शांत झोप लागली, तर त्या घराचा समतोल साधला असे खुशाल समजावे.