आपल्याच जुन्या खटल्यांची फेरतपासणी: डॅलसच्या सरकारी वकिलांची कथा

अमेरिकेतील डॅलस शहरात ‘साउथवेस्टर्न इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन्सिक सायन्सेस’ ही काउंटीची न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. गुन्ह्यांच्या तपासात हाती आलेले कपड्यांचे तुकडे, केस, काचपट्ट्यांवरचे नमुने तिथे वर्षानुवर्षे जपून ठेवले गेले. खटला संपला, अपील फेटाळले गेले, आरोपी तुरुंगात गेला, तरी ते फेकले गेले नाहीत. इतर कित्येक ठिकाणी असे नमुने अडगळ म्हणून नष्ट झाले. डॅलसमध्ये ते शिल्लक राहिले आणि पुढे डीएनए चाचणी आल्यावर त्यांच्याच आधारे पंचवीस-तीस वर्षे शिक्षा भोगलेली माणसे निर्दोष ठरली.

पण नुसता नमुना असून भागत नाही. तो तपासायला सरकारी वकिलाचीही तयारी लागते. दोषी ठरलेल्या कैद्याला डीएनए चाचणी मागण्याची सोय टेक्सासच्या कायद्याने 2001 साली केली. तरी अशा अर्जांना सरकारी पक्षाकडून सर्रास विरोध होई. निकाल लागलेला आहे, ज्युरीने ऐकून घेतलेले आहे, मग पुन्हा उकरायचे कशाला, असा एकंदर सूर असे. हा सूर डॅलसमध्ये बदलला 2007 साली. सरकारी वकिलांच्या एका कार्यालयाने आपणच मिळवलेल्या शिक्षा चुकीच्या होत्या का हे शोधण्यासाठी स्वतंत्र विभाग उघडला. न्यायव्यवस्थेच्या इतिहासातली ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आपल्याकडे सरकारी वकील शासन नेमते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत काउंटीचा मुख्य सरकारी वकील, म्हणजे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, लोकांमधून निवडून येतो. डॅलसमध्ये हे पद 1951 ते 1987 अशी छत्तीस वर्षे हेन्री वेड यांच्याकडे होते. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या मारेकऱ्याला गोळी घालणाऱ्या जॅक रूबीवरचा खटला त्यांनी चालवला. गर्भपाताच्या हक्कावरील 1973 च्या प्रसिद्ध ‘रो विरुद्ध वेड’ निकालातले वेड तेच. त्यांच्या कार्यालयाचा दरारा होता तो शिक्षांच्या प्रमाणामुळे. तिथे लागलेला तरुण वकील आधी किरकोळ गुन्ह्यांची कोर्टे सांभाळी, मग गंभीर गुन्ह्यांच्या कोर्टात जाई, आणि त्याची कर्तबगारी मोजली जाई जिंकलेल्या खटल्यांवर. तिथून बाहेर पडलेले कित्येक वकील पुढे न्यायाधीश झाले. म्हणजे ही शिकवण एका कार्यालयापुरती उरली नाही.

ज्युरी निवडताना अल्पसंख्याकांना टाळण्याचे धडे या कार्यालयात लेखी स्वरूपात दिले जात होते. थॉमस मिलर-एल या कैद्याच्या 1986 च्या खटल्यात ज्युरीसाठी पात्र ठरलेल्या 11 कृष्णवर्णीयांपैकी 10 जणांना सरकारी पक्षाने वगळले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली ही निवड वर्णभेदी ठरवली, तेव्हा हे जुने लेखी धडेही न्यायालयापुढे होते.

पुढच्याच वर्षी, 2006 च्या निवडणुकीत, क्रेग वॉटकिन्स निवडून आले. टेक्सासमध्ये या पदावर निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय. तरुणपणी त्यांनी याच कार्यालयात नोकरीसाठी अर्ज केला होता आणि तो नाकारला गेला होता. त्यांच्या पणजोबांना 1932 साली टेक्सासमध्ये मृत्युदंड झाला होता, हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. जानेवारी 2007 मध्ये सूत्रे हाती घेतली तेव्हा त्यांना सरकारी वकील म्हणून खटले चालवण्याचा अनुभव नव्हता. ते बचाव पक्षाचे वकील होते. कार्यालयातल्या अनेक ज्येष्ठांना हे रुचले नाही. काही सोडून गेले, काहींना काढण्यात आले.

त्यांनी ‘कन्व्हिक्शन इंटिग्रिटी युनिट’ स्थापन केले. शाबीत झालेल्या गुन्ह्यांची फेरतपासणी करणारा, सरकारी वकिलांच्या कार्यालयातलाच हा विभाग अमेरिकेत या स्वरूपाचा पहिला मानला जातो. पसारा अगदी छोटा: दोन वकील, एक तपास अधिकारी, एक साहाय्यक. प्रमुख म्हणून आणले माइक वेअर यांना, तेही फोर्ट वर्थचे बचाव पक्षाचे वकील. माझ्या मते वॉटकिन्स यांचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. वर्षानुवर्षे खटले जिंकत वर चढलेल्या माणसाला सहकाऱ्याच्या जुन्या फाइलमधली चूक दिसणे अवघड असते. वेअर यांना ती शोधण्याचीच सवय होती.

कामाला हातभार लावला ‘इनोसन्स प्रोजेक्ट ऑफ टेक्सास’ या संस्थेने आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी. डीएनए चाचणीच्या चारशेहून अधिक जुन्या मागण्या पुन्हा वाचायला घेतल्या गेल्या. प्रत्येक फाइलमध्ये पाहायचे ते असे: आरोपीला ओळखले कुणी, कसे, किती अंतरावरून आणि किती दिवसांनी? पोलिसांनी फोटो कोणत्या पद्धतीने दाखवले? आरोपीच्या बाजूचा एखादा जबाब बचाव पक्षाला न देता फाइलमध्येच राहिला का? आणि शेवटी, प्रयोगशाळेत काही उरले आहे का? आरोपीच्या बाजूचा कागद दडवता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 1963 सालीच ‘ब्रॅडी विरुद्ध मेरीलँड’ खटल्यात सांगितले होते. तरीही जुन्या फायलींतून असे कागद निघत होते.

कॉर्नेलियस डुप्री याचे प्रकरण जवळून पाहण्यासारखे आहे. 1979 च्या डिसेंबरमध्ये डुप्री आपल्या मित्राबरोबर डॅलसमध्ये पायी चालला होता. वय वीस. आधीच्या महिन्यात एका जोडप्याला मोटारीसकट पळवून लुटले होते, त्यातल्या तरुणीवर अत्याचार झाले होते, आणि पोलिसांना या दोघांचा संशय आला. फोटोंमधून तरुणीने दोघांना ओळखले. 1980 साली डुप्रीला लुटीच्या गुन्ह्यात 75 वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात असताना सुटकेची संधी दोनदा आली होती. अट एकच, गुन्हा मान्य करायचा. दोन्ही वेळा त्याने नकार दिला. न केलेले पाप कबूल करून घरी जाण्यापेक्षा आत राहणे त्याने पत्करले, हे वाचताना मन थांबते. 2010 च्या जुलैमध्ये तो पॅरोलवर सुटला, त्यानंतर डीएनएचा निष्कर्ष त्याच्या बाजूने आला आणि 4 जानेवारी 2011 रोजी न्यायाधीशांनी त्याला निर्दोष घोषित केले. तेव्हा त्याचे वय 51 होते. त्या दिवशी सरकारी पक्षही त्याच्याच बाजूने उभा होता.

अशा सुनावण्यांना आधी निर्दोष सुटलेली माणसे आवर्जून येत आणि बाहेर पडणाऱ्याला मिठी मारत. तुरुंगातून सुटलेल्याला काय काय लागते हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? टेक्सासने 2009 साली केलेल्या कायद्यानुसार चुकीच्या शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी 80,000 डॉलर भरपाई मिळते. या कायद्याला टिमथी कोल याचे नाव आहे. तो 1999 साली तुरुंगातच मरण पावला आणि दहा वर्षांनी निर्दोष ठरला.

डीएनएचा पुरावा मात्र थोड्याच गुन्ह्यांत सापडतो. गोळीबारात मारेकरी मागे काही ठेवून जाईलच असे नाही. म्हणून ज्या प्रकरणांत चाचणीला काहीच नव्हते, तिथे या विभागाची खरी कसोटी लागली. क्रिस्टोफर स्कॉट हा खुनाच्या आरोपाखाली 1997 पासून तुरुंगात होता. खरा गुन्हेगार दुसराच असल्याची कबुली समोर आल्यावर विभागाने तपास करून ती पडताळली आणि 2009 साली स्कॉट आणि त्याच्याबरोबर शिक्षा झालेला दुसरा माणूस दोघेही सुटले. स्कॉटने पुढे तुरुंगातून निर्दोष सुटलेल्यांना घेऊन, आत अडकलेल्या निरपराधांसाठी तपास करणारी संस्था काढली.

वॉटकिन्स यांच्या कारकिर्दीत तीसहून अधिक जण निर्दोष ठरले. 2014 च्या उन्हाळ्यात तर एक अशी सुटका झाली जिच्यासाठी कुणी अर्जच केलेला नव्हता. 1990 साली, ज्युरी कृष्णवर्णीयाचे ऐकणार नाही या भीतीने एकाने न केलेला गुन्हा कबूल केला होता आणि बारा वर्षे शिक्षा भोगली होती. कार्यालय आपणहून जुने नमुने क्रमाने तपासत होते, त्यात त्याचा नमुना आला आणि खरा गुन्हेगार कोण तेही कळले.

वॉटकिन्स निर्दोष माणूस नव्हते. कार्यालयाच्या गाडीने झालेल्या अपघाताची भरपाई गुन्ह्यांतून जप्त झालेल्या पैशांतून दिल्यामुळे त्यांच्यावर टीका झाली, आणि ती रास्त होती. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये सुझन हॉक यांनी त्यांचा पराभव केला. 2023 च्या डिसेंबरमध्ये ते वारले.

नेता हरला की त्याची योजना गुंडाळली जाते, असे पुष्कळदा होते. डॅलसमध्ये तसे झाले नाही. विभाग चालू राहिला. ब्रुकलिन, फिलाडेल्फिया, ह्यूस्टन अशा अनेक ठिकाणी असेच विभाग निघाले. आणि डॅलसने पुढचा टप्पाही गाठला: खुद्द शास्त्राच्या नावाने झालेल्या चुका तपासण्याचा. स्टीव्हन चेनी या माणसाला 1987 साली दुहेरी खुनाच्या प्रकरणात जन्मठेप झाली होती. मृताच्या हातावरची खूण त्याच्याच दातांची आहे, असे दंततज्ज्ञाने छातीठोकपणे सांगितले होते. नऊ साक्षीदारांनी तो त्या दिवशी दुसरीकडे होता असे सांगूनही ज्युरीने तज्ज्ञावर विश्वास ठेवला. चुकीच्या शास्त्रीय पुराव्यावर आधारलेल्या शिक्षेला आव्हान देण्याची सोय टेक्सासने 2013 साली केली, आणि हॉक यांच्या कार्यालयाच्या संमतीने चेनी 2015 साली बाहेर आला. दुसऱ्या वर्षी टेक्सासच्या न्यायवैद्यक आयोगाने चाव्याच्या खुणांची तुलना पुरावा म्हणून वापरणे थांबवावे अशी शिफारस केली. चेनी पूर्णपणे निर्दोष असल्याचा निकाल राज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये दिला.